झाकण

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात कोपऱ्यातली बादली ‘गुडुप’ म्हणाली. डोळे मिटूनच मोजायला लागलो. एक, दोन, तीन... अकराला पुन्हा ‘गुडुप’. काल रात्री हेच अंतर चारचं होतं. म्हणजे आतलं काम मंदावलं. का मंदावलं? यीस्टचं पोट भरलं, की त्याला थंडी वाजली, की मेलंच बिचारं? झालं, झोप गेली. उठून बादलीपाशी उकिडवा बसलो.

घरी बिअर करायला लागल्यापासून माझ्या बऱ्याच दुपारी अशा जातात. (कायद्याची परवानगी असेल तिथेच हा उद्योग करावा, एवढं सांगतो आणि पुढे जातो.) बादलीच्या झाकणाला भोक, भोकात पाणी भरलेला एअरलॉक. आतलं यीस्ट साखर खाऊन दारू आणि कार्बन डायऑक्साइड करतं; तो वायू पाण्यातून बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. झाकण उघडावं लागू नये म्हणून केलेली ही युक्ती. मला मात्र दर अकरा सेकंदांनी ती झाकणाचीच आठवण करून देते.

खोड जुनी आहे. शाळेत काचेच्या पेल्यात ओला कापूस घालून घेवड्याचं बी रुजत घालायला सांगितलं होतं. दादाने आणि मी एकाच दिवशी पेले खिडकीत ठेवले. त्याने आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि तो खेळायला गेला तो गेलाच. मी सकाळ-संध्याकाळ बी उपसून बघायचो. साल जरा सुटलीय का, खालून काही टोकदार लागतंय का. बाबा एकदा म्हणाले, “अरे, त्याला थोडं एकटं सोड की.” सोडलं, संध्याकाळपर्यंत. पाचव्या दिवशी दादाच्या बीला चांगला बोटभर कोंब आला आणि माझं बी हाताळून हाताळून बुळबुळीत झालं. त्या रात्री मी दोन्ही पेल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. दादाला हे अजून माहीत नाही.

बिअर ज्याची करतात ते मॉल्ट म्हणजे तरी वेगळं काय? बार्ली भिजवायची, तिला मोड फुटू द्यायचे, आणि आता हिचं रोप होणार अशा बेताला गरम हवेत सुकवून सगळं जागच्या जागी थांबवायचं. पिष्टाचा साठा दाण्यात बहुतेक शाबूत राहतो आणि त्याची साखर करणारी एन्झाइम्सही तोवर तयार होऊन बसलेली असतात. रोपाने स्वतःसाठी बांधलेली शिदोरी आपण पळवायची, असा हा सरळ दरोडा आहे. हे दाणे नुसते चावून बघावेत. आधी कुरकुरीत, मग पिठूळ, आणि थोडा वेळ तोंडात घोळवले की गोडसर.

बरेच जण सुरुवात डब्यातल्या आयत्या मॉल्टच्या पाकापासून करतात. त्यात कमीपणा काही नाही, बिअर उत्तम होते आणि अर्धा दिवस वाचतो. पण पाकाचा डबा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच झाकण उघडून बघितलेलं. मला दाण्यापासूनच करायचं होतं. मागच्या खेपेला दहा लिटरचा बेत केला. अडीच किलो मॉल्ट, एक मोठं पातेलं आणि पातेल्यात मावेल अशी जाळीदार कापडाची पिशवी. पिशवीत धान्य भिजवायचं आणि काम झालं की पिशवीच वर उचलायची, म्हणजे गाळण्याची वेगळी भांडी लागत नाहीत. नवशिक्याला हीच पद्धत बरी. दळताना पीठ करायचं नाही, भरड काढायची. आतला दाणा फुटला पाहिजे आणि वरचं टरफल होईल तितकं अखंड राहिलं पाहिजे. ती भरड मी तळहातावर पसरून, फुंकर मारून, एकेक टरफल उलटून बघितली. अडीच किलोला किती वेळ लागला असेल, अंदाज करा.

चौदा लिटर पाणी सत्तर अंशांवर आणलं आणि भरड घातली. धान्य थंड असल्यामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, ते सदुसष्टवर आलं. तासभर तिथेच टिकवायचं. पासष्टच्या खाली-वर एक एन्झाइम जोमात असतं, ते यीस्टला खाता येईल अशी साखर करतं. सत्तरच्या आसपास दुसरं. त्याच्या कामात यीस्टला न पचणारे तुकडे जास्त उरतात आणि बिअरला अंग येतं. दोन-चार अंशांत बिअरचा स्वभाव ठरतो. त्यामुळे त्या तासात करायचं एकच. पातेल्यावर झाकण ठेवायचं, भोवती जाड पांघरूण गुंडाळायचं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचं.

मी पहिल्या पाच मिनिटांत झाकण उघडलं. वास असा आला की लगेच पुन्हा उघडलं.

थर्मामीटर नव्हते तेव्हा इंग्लंडात काय करत, तर पाणी उकळवून निवू द्यायचे आणि वरची वाफ विरून आपला चेहरा पाण्यात स्वच्छ दिसला की धान्य टाकायचे. मला ही रीत फार आवडते, कारण तिच्यात सारखं डोकावून बघणं हेच काम आहे. पुढे अठराव्या शतकात जेम्स बॅव्हरस्टॉक नावाच्या तरुणाने घरच्या बिअरच्या व्यवसायात थर्मामीटर आणला, तो वडिलांपासून लपवून वापरावा लागला म्हणतात. थोरल्यांना असली यंत्रं खपत नव्हती. भट्टीमागे उभं राहून खिशातली काचेची नळी हळूच बुडवणारा तो मुलगा मला स्पष्ट दिसतो. आमची जात एकच.

विसाव्या मिनिटाला बशीत दोन थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकलं. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर टाकायचो तेच. निळं-काळं झालं, म्हणजे पिष्ट अजून आहे. चमचाभर चाखलं, पिठाच्या पेजेसारखं लागलं. चाळिसाव्या मिनिटाला पुन्हा थेंब, कडेला जांभळट झाक. चव बदललेली. साठाव्या मिनिटाला आयोडीन आपल्याच तपकिरी रंगाचं राहिलं आणि चमच्यातलं पाणी चक्क गोड होतं. वरून साखरेचा कणही घातला नव्हता. मी चमचा घेऊन घरभर फिरलो. मुलगी म्हणाली, “बाबा, गोड पाणी आहे हे.” हो गं बाई, गोड पाणीच आहे!

पुढचं सगळं धांदलीचं. पिशवी उचलून निथळायची, तासभर खळखळ उकळायचं. उतू जाण्याच्या बाबतीत दूध आणि हे पाणी सख्खी भावंडं आहेत. नेमका त्या घडीला मी हॉप्सच्या, म्हणजे एका वेलीच्या कडवट, सुगंधी फुलांच्या, पुडीचा वास घेत उभा होतो. शेगडी दोन दिवस चिकट राहिली. हॉप्स आधी घातले की कडूपणा, शेवटी घातले की सुगंध. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून विशीच्या अंशांवर आणायचं. इथून पुढे लागेल ते प्रत्येक भांडं निर्जंतुक हवं, त्यात हयगय नाही. आणि शेवटी यीस्ट.

बव्हेरियात 1516 साली कायदा झाला की बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच घालावं. यीस्टचा त्यात उल्लेखच नाही. तळाचा साका पुढच्या घाण्याला वापरायचा हे त्यांना ठाऊक होतं, पण तो जिवंत आहे हे पाश्चरच्या काळापर्यंत पक्कं झालं नव्हतं. शेकडो वर्षं माणसं झाकण ठेवून निघून जात आणि परत येऊन बघत तर झालेलं असे. कशाने झालं, याची फार चौकशी न करता पीत. हेवा वाटतो.

मी चौकशी केली. हायड्रोमीटरने, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीने; साखर जास्त तर आकडा वर. सुरुवातीला 1.048 आकडा होता. बिअर होत आली की तो उतरतो, आणि दोन-तीन दिवस एकाच जागी थांबला तरच बाटल्या भरायच्या; घाई केली तर बाटल्या फुटतात. माझा पहिल्या आठवड्यात 1.018 वर थांबला. 1.010 पर्यंत तरी यायला हवा होता. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. झाकण उघडून उघडून पातेलं त्रेसष्टवर आणलं होतं, मग घाबरून खाली जाळ लावला, ढवळायचं विसरलो आणि बहात्तरला पोचवलं. तरीही आकडा खरंच थांबलाय ना, याची खात्री करायला मी सात वेळा नमुना काढला. दर वेळी नळीभर, म्हणजे सव्वाशे-दीडशे मिलिलिटर. मोजमापातच जवळजवळ एक लिटर बिअर संपली. ओतून द्यायचं जिवावर येतं, म्हणून कोमट, बिनफेसाची प्यालो.

लिटरला सहा ग्रॅम साखर घालून सव्वीस बाटल्या भरल्या. फेस धरायला दोन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी एक उघडली. पाणचट, गोडसर, फेस नाही. सहाव्या दिवशी दोन उघडल्या, कारण एकीवर निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे. नवव्या दिवशी शेजारी आले होते. असं करत करत पाचव्या आठवड्यात जी उघडली तिला दाट, पांढरा, बारीक फेस होता, गोडवा मागे सरला होता आणि शेवटी हॉप्सचा कडूपणा जिभेवर रेंगाळला. उत्तम होती. ती पंचविसावी.

सव्विसावी कपाटात आहे. तिची गंमत अशी की झाकणाच्या आत अजून काहीतरी चालू असणार. बादलीपाशी बसून कंटाळलो तेव्हा मघाशी ती बाहेर काढली, खिडकीपाशी नेली आणि उजेडासमोर धरली. तळाशी कागदाइतका पांढरा थर बसलाय, वर सगळं निवळशंख. हलवली नाही. दादा पुढच्या महिन्यात येतोय.