सावलीचे पैसे

"घराचे पैसे इन्शुरन्सकडून आले, पण सावलीचे कोण देणार?"

हार्बिन हॉट स्प्रिंग्स या कॅलिफोर्नियातल्या गरम पाण्याच्या कुंडांच्या जागी, चढावर माझ्यासोबत चालणाऱ्या बाई आज हे बोलल्या आणि तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय.

त्या इथंच राहायच्या, आगीआधी. सप्टेंबर 2015 च्या व्हॅली फायर नावाच्या वणव्यात नॉर्दर्न कॅलिफोर्नियाच्या या भागात 76 हजार एकर जळालं, हार्बिनच्या जवळपास सगळ्या इमारती गेल्या, राहिली ती गरम पाण्याची कुंडं. 2019 मध्ये परत उघडलं, लोक पुन्हा येतायत, पाण्यात गप्प बसतायत, बघून खरंच बरं वाटलं.

पण बाई घराबद्दल फारसं बोलल्याच नाहीत. ओकची झाडं कुठून कुठपर्यंत होती, भर दुपारी कुठल्या वळणावर गार लागायचं, हेच सांगत होत्या. मग एका काळ्या पडलेल्या बुंध्याशी थांबल्या, वाकून बुडातून फुटलेले धुमारे दाखवले, कडक, काटेरी कडांची पानं. ओक असा परत फुटतो, पण त्याखाली माणूस बसेल एवढी सावली व्हायला किती वर्षं जातील कुणास ठाऊक.

आपण नुकसान मोजतो ते एकरात नि घरांत. त्यात कॅलिफोर्नियात वणव्याचा धोका असलेल्या भागांत कायद्यानं घराभोवती 100 फूट झाडोरा विरळ ठेवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे, त्यानं जीव वाचतात. म्हणजे घर परत उभं राहिलं तरी ती जुनी दाट सावली दारात नसणारच.

तुमच्यापैकी कुणी वणव्यानंतर आपल्या जागी परत गेलंय का? सगळ्यात आधी काय शोधलंत?