वॉलिंग्टनच्या वह्या

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

प्युरिटन म्हणजे सतराव्या शतकातले इंग्लंडमधले कडक प्रॉटेस्टंट. प्युरिटन म्हटलं की एम.ए.ला आम्ही एकच उत्तर लिहायचो, १६४२ च्या सप्टेंबरमध्ये पार्लमेंटने लंडनची थिएटरं बंद केली, १६४७ ला ख्रिसमसवर बंदी आणली, मग १६६० ला राजा परत आला आणि नाटकं सुरू झाली, संपलं उत्तर. त्यात चुकीचं काही नाही. पण गेले चार दिवस मी नेहेमाया वॉलिंग्टनबद्दल वाचतेय आणि ते उत्तर मला फार कोरडं वाटायला लागलंय.

हा लंडनच्या ईस्टचीपमधला कातारी, लाकूड कातून वस्तू विकणारा साधा दुकानदार. त्याने आयुष्यात पन्नास वह्या लिहिल्या, त्यातल्या सात उरल्यात. का लिहिल्या? तर कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेलं आहे अशी या प्युरिटनांची श्रद्धा, आणि पाद्रीपुढे कबुली देऊन मोकळं व्हायची कॅथलिकांसारखी सोय नाही, मग आपल्यावर देवाची कृपा आहे की नाही याच्या खुणा रोज स्वतःच्याच वागण्यात शोधायच्या. दुकानाचा हिशोब ठेवावा तसा मनाचा ठेवायचा. वॉलिंग्टन स्वतःसाठी नियम करायचा आणि मोडला की गरिबांच्या पेटीत दंड टाकायचा.

१६२५ ला लंडनमध्ये प्लेग आला आणि त्याची जेमतेम तीन वर्षांची एलिझाबेथ गेली. आजारात ती त्याला म्हणाली, बाबा, उद्या मी बाहेर जाणार आणि तुझ्यासाठी प्लम पाय आणणार. लेकीच्या तोंडून ऐकलेले हे शेवटचे शब्द, असं त्याने लिहून ठेवलंय. तो इतका खचला की बायको ग्रेस म्हणाली, एवढा शोक केलास तर देवाचा अपराध होईल. ते पण त्याने लिहिलं. मी तिथे वाचायची थांबले, पुढे जाताच येईना.

मग त्याच शतकातल्या जॉन बन्यन या लेखकाकडे पुन्हा गेले. भांडी दुरुस्त करणारा माणूस, परवानगीशिवाय प्रवचन केलं म्हणून बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षं, पुन्हा करणार नाही एवढं म्हणाला असता तर सुटला असता. बायकोमुलांपासून, त्यातही आंधळ्या लेकीपासून, मेरीपासून तुटणं म्हणजे हाडांवरून मांस ओढून काढण्यासारखं, असं लिहितो तो. इतकं साधं आणि इतकं आतलं गद्य इंग्रजीत कुठून आलं याचं उत्तर मला वॉलिंग्टनसारख्यांच्या वह्यांमध्ये दिसतं, रोज स्वतःकडे बघायची सवय एका अख्ख्या समाजाला लागली होती, कारागिरांना, बायकांनासुद्धा. पुढे १७१९ च्या डॅनियल डेफोच्या कादंबरीतला रॉबिन्सन क्रूसो बेटावर बसून सुखदुःखाचा जमाखर्च मांडतो ना, तो पण याच घरातला. आणि बन्यनचं गाजलेलं पुस्तक पिल्ग्रिम्स प्रोग्रेस तर १८४१ मध्येच ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आलं, हरि केशवजींनी आणलं.

आज माझी जुनी डायरी काढली. बाबा गेले त्या दिवसाच्या पानावर हॉस्पिटलच्या बिलाचा आकडा आहे आणि दोन फोन नंबर, बाकी काही नाही. ते आदल्या रात्री जे बोलले ते मी कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून आता लिहिते.

“गॅलरीतल्या तुळशीला पाणी घाल गं, मी घरी येईपर्यंत सुकून जाईल ती.”