सिस्टरांना संशोधन कशाला शिकवता?

“आधीच रजिस्टरांत बुडालेल्या बायका त्या. त्यांच्या डोक्याला आणि संशोधनाचा ताप कशाला?” हा प्रश्न मला डॉक्टर विचारतात, सिस्टरांच्या घरचे विचारतात, मेट्रनबाई तर दारातच विचारतात. मी वैद्यकीय महाविद्यालयात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचं शास्त्र, शिकवते (जुन्या मंडळींच्या भाषेत पीएसएम) आणि आमच्या विभागातर्फे सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टर, एएनएम (गावपातळीवरच्या आरोग्यसेविका), लॅब टेक्निशियन यांना संशोधनाचे धडे देते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

रजिस्टरांत बुडाल्यात, म्हणूनच शिकवते.

इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून एक शिस्त सुरू झाली. ती घालून दिली एथेल मार्गारेट बर्नसाइड यांनी. त्या आरोग्यसेविकांच्या प्रमुख होत्या आणि सुईणींच्या कामावर देखरेख ठेवत. बाळ जन्मलं की सुईणीनं वजन करायचं, मग आरोग्यसेविकेनं घरी जात राहायचं, वर्षाचं झालं की पुन्हा वजन. सगळं वहीत. पुढे या वह्या नुसत्या पडून राहिल्या. त्या साउदॅम्प्टन विद्यापीठातले वैद्यक संशोधक डेव्हिड बार्कर यांच्या गटाच्या हाती लागल्या आणि 1989 मध्ये त्यांनी 5,654 पुरुषांच्या नोंदी त्यांच्या मृत्यूच्या कारणांशी जुळवून दाखवल्या. वर्षाचे असताना ज्यांचं वजन सगळ्यांत कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त! नाव झालं बार्करांचं. व्हायलाच हवं, जुळवाजुळव त्यांनी केली. पण सुईणींनी वजनं मनाने टाकली असती, तर जुळवायला होतं काय?

साउदॅम्प्टनची हीच मंडळी पुढे पुण्याच्या केईएम रुग्णालयाशी जोडली गेली. 1993 मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन बायकांच्या पाळीच्या तारखा लिहून घ्यायच्या, म्हणजे दिवस कधी गेले हे अंदाजावर राहायला नको. बाळ जन्मलं की 72 तासांच्या आत मापं: वजन, लांबी, डोकं, पोट, दंड, आणि पाठीवरची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने त्या घडीची जाडी (त्यावरून अंगातल्या चरबीचा अंदाज येतो). वजन सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरलं, साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का गाठतो, ही चर्चा त्या मापांमुळे पार जन्मापर्यंत मागे गेली. अशा कामात दोघींनी एकच बाळ स्वतंत्रपणे मोजायचं आणि दोघींच्या आकड्यांत फरक किती येतो ते आधी तपासायचं, हा रिवाजच असतो. मला विचाराल तर संशोधनाचं निम्मं शिक्षण त्यातच आलं.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडत नाही. दवाखान्यातल्याच एखाद्या खोलीत बसायचं, लेबर रूमचं रजिस्टर पुढ्यात घ्यायचं, आईच्या नावाचा रकाना कागदाने झाकायचा (तोही धडाच, गुप्ततेचा) आणि बाळाच्या वजनाचा रकाना वाचत जायचं. प्रत्येक वजनासमोर उभी रेघ, पाचवी आडवी. बघता बघता अडीच आणि तीनसमोर रेघांची ही गर्दी होते, आणि 2.4 समोर शुकशुकाट. आधी खसखस पिकते, मग कुजबुज. मग एखादी धीर करून बोलते, “मॅडम, अडीचच्या खाली लिहिलं की बाळ कमी वजनाचं. मग एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागाला, फोन, नातेवाइकांचे प्रश्न, आणि रात्री दोनला वॉर्डात मी एकटी.” दुसरी म्हणते, “आमचा वजनकाटा शून्यावरच येत नाही, लिहिणार काय?”

या दोन वाक्यांत दोन अभ्यास दडलेत, आणि मी कितीही पुस्तकं चाळली असती तरी मला ते सुचले नसते. माझं काम पुढचं. सहा बाळं कमी वजनाची, असं कुणी म्हणालं की मी विचारते, छेद कुठाय? किती बाळांपैकी सहा? मृत जन्म धरले का? जी बाई रस्त्यात अँब्युलन्समध्ये बाळंत झाली, तिचं बाळ कुठल्या रजिस्टरात गेलं? हे प्रश्न एकदा अंगी लागले की टक्केवारी एका दुपारी शिकवता येते.

विद्यापीठ हवं ते त्यानंतरच्या कामाला: आराखडा तपासायला, एथिक्स कमिटीची परवानगी मिळवायला, आणि सिस्टर अडली की तिचा फोन उचलायला. यात मला पटलेला नमुना म्हणजे ‘सॉर्ट-इट’ हा संशोधन शिकवणारा अभ्यासक्रम. 2009 मध्ये क्षयरोगावर काम करणारी ‘द युनियन’ आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (एमएसएफ) या आंतरराष्ट्रीय संस्थांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमातून तो उभा राहिला. आता तो जागतिक आरोग्य संघटनेच्या टीडीआर या उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधन कार्यक्रमातर्फे चालतो. शिकणाऱ्याने बहुतेक वेळा आपल्याच कार्यक्रमाच्या नोंदी वापरायच्या. आराखडा, मग माहितीचं विश्लेषण, मग शोधनिबंध, असे टप्पे. टप्पा वेळेत गाठला नाही तर पुढचा प्रवेश बंद. कडक वाटतं खरं, पण आपल्याकडच्या दोन दिवसांच्या कार्यशाळांतून प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो यापलीकडे फारसं काही निघत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की मला तो कडकपणाच बरा वाटतो.

विद्यापीठ आणि दवाखाने यांच्यातल्या सामंजस्य करारांचंही तसंच. शाल-श्रीफळ होतं, फाइल कपाटात जाते. आणि काम झालंच, तर निबंधावर प्राध्यापकांची नावं आणि सिस्टर शेवटच्या आभारांत. आम्ही मात्र आधीच ठरवून घेतो: प्रश्न जिचा, नोंदी जिने तपासल्या आणि मसुद्यावर जी बसली, तिचं नाव लेखकांत पहिलं. यावरून आमच्याच स्टाफरूममध्ये बऱ्यापैकी वाजलंय.

राहिला मेट्रनबाईंचा खरा प्रश्न, “त्या दिवशी ड्युटी कोण करणार?” त्यांचं चुकत नाही. रात्रपाळी करून आलेल्या बाईला दुपारी छेद शिकवणं म्हणजे छळ आहे. तेव्हा प्रशिक्षणाचा दिवस ड्युटीतच धरायचा आणि बदली माणूस रोस्टरवर आधी लावायचा, हे कलम आम्ही करारात घालतो. जे दवाखाने हे लिहून देत नाहीत, तिथे मी जात नाही.