एंझाइमशिवायची पट्टी

ग्लुकोमीटरची पट्टी पाच सेकंदांत आकडा देते, त्यामुळे तिच्यामागचं शास्त्रही सोपं असणार असं वाटतं. ते सोपं आहेच. १९६२ साली लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेजचा थर बसवायची कल्पना मांडली. तेव्हापासून मूळ रचना तीच आहे: एंझाइम साखरेकडून इलेक्ट्रॉन काढतं आणि इलेक्ट्रोड ते मोजतो. अवघड काय, तर आलेल्या करंटमध्ये साखरेचा वाटा किती आणि इतर भानगडींचा किती, हे ठरवणं. स्वतः सेन्सर बनवणारे बरेच जण इथेच अडकतात. एंझाइम लावलेल्या पट्ट्या ढीगभर करतात, पण एंझाइम नसलेली एकही करत नाहीत.

आधी पट्टी. प्लॅस्टिकच्या फिल्मवर कार्बनची शाई छापून वर्किंग (जिथे मोजणी होते तो) आणि काउंटर (करंटचं वर्तुळ पूर्ण करणारा) इलेक्ट्रोड, चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या शाईचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज धरतात तो). वर्किंगची चकती ३ मिलिमीटर व्यासाची. वर ०.१ मिलिमीटर जाडीच्या दुहेरी चिकटपट्टीत ५ × १० मिलिमीटरची खाच कापून ठेवायची आणि पारदर्शक फिल्मने झाकायची. ५ मायक्रोलिटरची नळी तयार. झाकणाच्या फिल्मला आतून ट्रायटन एक्स-१०० या साबणासारख्या द्रव्याचं अगदी विरळ द्रावण पुसून घ्या, नाहीतर थेंब तोंडाशीच बसून राहतो. आणि दुसऱ्या टोकाला हवा जायला वाट ठेवा. ती विसरली की आत बुडबुडा अडकतो आणि करंट कुठलाही येतो.

झाकण लावण्याआधी वर्किंग चकतीवर १ मायक्रोलिटर मिश्रण टाकायचं: फॉस्फेट बफर (पीएच ७), १०० मिलीमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड (एंझाइमकडून इलेक्ट्रॉन घेऊन इलेक्ट्रोडपर्यंत नेणारं), मिलिलिटरला १० मिलिग्रॅम ग्लुकोज ऑक्सिडेज (मिलिग्रॅमला साधारण १५० युनिटचं) आणि ०.५ टक्के कार्बोक्सिमेथिल सेल्युलोज. सेल्युलोज नसेल तर थेंब वाळताना सगळा ऐवज कडेला जाऊन कडं तयार होतं आणि मध्यभाग रिकामा राहतो. खोलीच्या तापमानाला, अंधारात वाळवा. उजेडात फेरिसायनाइड हळूहळू बिघडतं. त्याचा उरलेला कचरा आम्लात ओतू नका. विषारी हायड्रोजन सायनाइड निघू शकतो.

फेरिसायनाइड एवढं का, याचा हिशोब सोपा आहे. ग्लुकोजच्या एका रेणूला त्याचे दोन रेणू लागतात. ३० मिलीमोलर (५४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) साखरेला ६० मिलीमोलर हवं. चकतीवरच्या ०.१ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाचं आकारमान ०.७ मायक्रोलिटर, म्हणजे आपला सुकलेला थेंब विरघळल्यावर सुमारे १४० मिलीमोलर होतो. पुरून उरतं.

प्रमाण द्रावणं करताना दोन चुका नेहमीच्या. बाटलीवर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलेलं असताना निर्जल ग्लुकोजचं वजन धरलं तर द्रावण ९ टक्के कमी भरतं. दुसरी चूक जास्त फसवी: ताजं द्रावण लगेच वापरणं. ग्लुकोजच्या रेणूची अल्फा आणि बीटा अशी, पाण्यात एकमेकांत बदलणारी दोन रूपं असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त बीटा ओळखतं आणि बाटलीतली पूड बहुधा अल्फा असते. द्रावण रात्रभर ठेवलं की बीटा सुमारे ६४ टक्क्यांवर स्थिरावतं. रक्तातही प्रमाण तेच असतं. प्रत्येक द्रावणात क्लोराइड ०.१ मोलरच्या आसपास ठेवा, कारण छापील रेफरन्सचं व्होल्टेज क्लोराइडवर चालतं. तीव्रता दहापट बदलली की ते ५९ मिलीव्होल्ट सरकतं.

मोजणी अशी: थेंब आत खेचला गेला की ३० सेकंद सर्किट उघडं ठेवायचं, मग एकदम +०.४ व्होल्ट द्यायचे आणि ५ सेकंदांनी करंट वाचायचा. ५ मिलीमोलर साखरेचं पूर्ण रूपांतर झालं तर कॉट्रेलच्या समीकरणाने (विसरण म्हणजे डिफ्युजनने येणारा करंट वेळेबरोबर कसा घटतो हे ते सांगतं) ४४ मायक्रोअँपिअर यायला हवेत. बीटाच धरलं तर २८. त्याहून थोडे कमीच मिळतील, कारण ५ सेकंदांत विसरणाचा थर नळीच्या छतापर्यंत पोचू लागतो. १० सेकंदांनी वाचलंत तर कॉट्रेल पार मोडलेला असतो. करंट गुणिले वेळेचं वर्गमूळ, हा गुणाकार पहिल्या तीन सेकंदांत सपाट राहिला पाहिजे. तो सपाट नसेल तर दोष बहुतेक बुडबुड्याचा किंवा अर्धवट भिजलेल्या चकतीचा. एंझाइमला दोष देऊ नका.

यंत्र महाग लागत नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एलएमपी९१००० चिप (इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन करंट मोजणारी) पुरते: चिपच्या २.५ व्होल्टच्या संदर्भ व्होल्टेजवर १६ टक्के बायस म्हणजे नेमके ०.४ व्होल्ट, आणि गेन (करंटचं व्होल्टेज करणारा गुणक) ३.५ किलोओहम. सुरुवातीच्या क्षणी तिची मोजायची मर्यादा भरून जाईल, चालतं.

आता रिकामी पट्टी. मिश्रण तेच, फक्त एंझाइमऐवजी तेवढ्याच वजनाचं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन). त्याहून उत्तम म्हणजे एकाच नळीत दोन वर्किंग चकत्या, एक एंझाइमची आणि एक रिकामी, आणि दोन्ही करंटची वजाबाकी. रिकामी चकती थेंबाच्या तोंडाकडे हवी. उलट ठेवली तर आत शिरणारा प्रवाह एंझाइम वाहून तिच्यावर नेऊन टाकतो. त्यानंतर मात्र २ मिलिमीटर अंतर तीस-चाळीस सेकंदांसाठी भरपूर सुरक्षित.

ही चकती बरंच काही उघड करते. नुसत्या बफरमध्ये तिचा करंट महिन्यागणिक चढत असेल तर साठवणीत ओल शिरली आहे आणि फेरिसायनाइडचं फेरोसायनाइड (इलेक्ट्रॉन घेतलेलं रूप) होतंय. डबीतलं सिलिका जेल बदला. क जीवनसत्त्व दोन इलेक्ट्रॉन देतं आणि त्याला एंझाइम लागत नाही. त्यामुळे १ मिलीमोलर क जीवनसत्त्व या पट्टीला सुमारे २८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर साखरेइतकं दिसतं. एरवी रक्तात ते ०.१ मिलीमोलरच्याही खाली असतं, पण शिरेतून मोठा डोस दिलेल्या रुग्णात नाही.

जे एंझाइमपाशीच बिघडतं ते मात्र रिकाम्या चकतीला दिसत नाही. ग्लुकोज ऑक्सिडेजचा मूळ जोडीदार ऑक्सिजन. तो फेरिसायनाइडच्या वाटचे इलेक्ट्रॉन पळवतो, म्हणून उंच प्रदेशात, हवा विरळ असताना, आकडा जास्त येऊ शकतो. ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन न देणारं डिहायड्रोजनेज एंझाइम वापरलं तर ही कटकट जाते आणि दुसरी येते. पीक्यूक्यू नावाच्या साहाय्यक रेणूवर चालणारं डिहायड्रोजनेज माल्टोज या वेगळ्या शर्करेलाही ग्लुकोज समजतं. पोटाच्या डायलिसिसच्या द्रावणातल्या आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज बनतं. खोट्या चढ्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं, मृत्यू झाले, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, एफडीएला, जाहीर इशारा द्यावा लागला.

तिसरी अडचण हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्ताच्या आकारमानात तांबड्या पेशी किती टक्के, याची. तांबड्या पेशी जास्त असल्या की विसरण मंदावतं आणि आकडा कमी येतो. बाजारातले बरेच मीटर आधी एसी सिग्नलने नमुन्याचा रोध मोजून दुरुस्ती करतात. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७:२०१३ मानकाप्रमाणे ९५ टक्के आकडे १०० मिलिग्रॅमच्या खाली ±१५ मिलिग्रॅममध्ये आणि त्यावर ±१५ टक्क्यांत बसावे लागतात. वर सांगितलेली पट्टी बफरमध्ये ते जमवेल, रक्तात दुरुस्तीशिवाय नाही. तिच्या आकड्यावर कुणाचा औषधाचा डोस ठरवू नका. पडताळणीसाठी एकाच रक्ताचे २०, ४० आणि ६० टक्के हिमॅटोक्रिटचे नमुने करा आणि प्लाझ्मातली साखर तिन्हींत सारखी ठेवा. आणि घाई करा, कारण नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर स्वतःच फस्त करतात.