लाल ठिपक्याचं भगोनं

आमच्या घरी मटण घरात शिजत नाही. अंगणात शिजतं, कडुनिंबाखाली, तीन दगडांच्या चुलीवर, आणि ज्या भगोन्यात शिजतं त्याच्या कडेला लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे. ठिपका आबांनी दिलेला. कारण माय माळकरी. मुक्ताईनगरच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जाऊन आली आणि गळ्यात माळ घालूनच घरी आली, तेव्हा मी नववीत होतो. आल्या आल्या तिनं सांगून टाकलं, तुम्ही खा, मी काही म्हणणार नाही, पण माझ्या चुलीला, माझ्या भांड्याला लावू नका. आबांनी दुसऱ्याच दिवशी अमळनेरच्या बाजारातून जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, मोठं भगोनं आणलं, ठिपका दिला आणि गोठ्यात खुंटीला टांगून टाकलं. वाद नाही, चर्चा नाही.

तेव्हापासून मटण आबांचं खातं. म्हणजे आणायचं त्यांनी, वाटायचं त्यांनी, शिजवायचं त्यांनी, माय ओट्यावर बसून वाती वळणार नाहीतर गहू निवडणार. आणि गंमत अशी की न खाणारी ही बाई तिथून सगळं चालवायची. खोबरं जास्त भाजलं जातंय, जाळ कमी कर, आता पाणी टाक. आबा चिडायचे, तू माळकरी आहेस ना मग नाक कशाला खुपसते, तर ती म्हणायची नाक आहे ते वास घेईलच, नाकाला काय माळ घातली का.

आबांना जाऊन दीड वर्ष झालं. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरात काही केलंच नाही. यंदा मायनंच फोन करून सांगितलं की अक्का सुरतहून येतेय, धाकटी शिरपूरहून येतेय, जावई येतील, पोरं येतील, आखाजीला आबांच्या नावाची घागर भरू, पुरणपोळी-आमरस करू, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचं करा. "तुमचं" म्हणजे मटण. तो शब्द ती उच्चारत नाही. आणि वर हेही की काय करायचं ते लवकर उरका, पुढं एकादशी आहे, सखाराम महाराजांचा रथ आहे, मला अमळनेरला जायचंय, त्या दिवसांत अंगणात वास नको.

करायचं कोणी हा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण घरात मीच उरलो होतो.

खरं सांगायचं तर माझा रेकॉर्ड वाईट आहे. नाशिकला फ्लॅटवर एकदा करायला गेलो होतो, मित्रांना छाती ठोकून सांगितलं की खान्देशी काळा रस्सा खाऊ घालतो, आणि काळा म्हणजे काळा दिसलाच पाहिजे म्हणून खोबरं पार कोळसा होईस्तोवर भाजलं. रस्सा असा कडू झाला की एक जण म्हणाला औषधी आहे का रे. काळ्या रश्शाचा काळेपणा जळकेपणातून येत नाही हे मला तेव्हा कळलं. तो येतो भाजलेल्या कांद्यातून, गडद तपकिरी भाजलेल्या खोबऱ्यातून आणि वर्षाच्या काळ्या मसाल्यातून, ज्यात धने, मिरे, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, तमालपत्र आणि मुख्य म्हणजे दगडफूल असतं. दगडफूल नसलं तर रस्सा चांगला होईल पण आमच्याकडचा होणार नाही. आणि खोबरं सुकंच. आपल्याकडे नारळाची झाडं कुठून असणार, इथे केळी आणि कापूस, त्यामुळं ओल्या नारळाचा प्रश्नच येत नाही, किराणा दुकानातली खोबऱ्याची वाटीच आपली.

तर सकाळी सातला अडीच किलो घेऊन आलो, ८०० रुपये किलोनं. बोकडाचं, मांडी, सीना, चाप असं मिसळून, नळ्या वेगळ्या मागून घेतल्या. निव्वळ मऊ मऊ पीस मागणाऱ्यांचं मला कळत नाही, रश्शाला अंग येतं ते हाडाजवळच्या चिवट भागानं, तो हळूहळू विरघळतो आणि बोटं चिकट होतात, तीच तर मजा. करायचं मात्र संध्याकाळी ठरलं कारण दुपारी अंगणात पाय ठेवायची सोय नव्हती, वैशाखाचं ऊन, त्यात चूल. बर्फाच्या डब्यात ठेवलं. मायच्या फ्रिजमध्ये नको, हे तिनं न सांगताच सगळ्यांना माहीत होतं.

पाच वाजता भगोनं काढलं. दीड वर्षाची धूळ, आत एक कोळ्याचं जाळं. भाच्यानं घासलं. लाल ठिपका अर्धा उडालेला.

चुलीला दोन प्रकारचं जळण लागतं हे मी विसरलोच होतो. पऱ्हाटी म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, त्या भसकन पेटतात आणि तेवढ्याच लवकर संपतात. सुरुवातीला ठीक, पण नंतर मंद शिजवायला बाभळीचं लाकूड पाहिजे. मी नुसत्या पऱ्हाटीचा भारा घेऊन बसलो होतो. माय ओट्यावरून काहीच बोलली नाही, फक्त मोठ्या भाच्याला म्हणाली, गोठ्यामागं बाभळीचे ओंडके आहेत, आजोबांनी फोडून ठेवलेले. दीड वर्ष तिनं ते ओंडके पाणी तापवायलासुद्धा वापरले नव्हते.

पहिले कांदे. सात मोठे, सालासकट निखाऱ्यात. ही गोष्ट गॅसच्या जाळीवर होत नाही, करून बघितलंय. कांदा बाहेरून पूर्ण काळा होतो, मग बुडाच्या मुळांपाशी रस फुटून चर्र वाजायला लागतो, बुडबुडे येतात, चिमट्यानं दाबला की लचकतो. तेव्हा काढायचा. जळलेली दोन पापुद्री पेपरवर सोलून टाकली की आत मऊ, गोडसर, धुराचा वास असलेला गोळा. मी पहिला घाईनं काढला तर आत करकरीत कच्चा. ओट्यावरून आवाज आला, "राहू दे अजून, कांदा जयू दे." जयू दे म्हणजे जळू दे, आमची अहिराणी.

मग तव्यावर खोबऱ्याचे काप. इथे मी जाम सावध होतो, नाशिकचा अनुभव डोक्यात, त्यामुळं सारखं हलवत होतो, आणि तेवढ्यात जिजाजींनी मोबाइलवर काहीतरी दाखवलं, मी दोन सेकंद मान वळवली असेल नसेल. "खोबरं उतार रे, जयी जाई!" माय माझ्याकडं बघतही नव्हती, वात वळत होती. उतरवलं. बरोब्बर होतं. अजून एक मिनिट आणि परत औषध झालं असतं.

वाटण पाट्यावर. लोक आमच्या रश्शाचं कौतुक करताना म्हणतात पाट्यावरचं आहे म्हणून चव आहे, परंपरा जपली वगैरे. परंपरा कसली, मिक्सर मायचा आहे आणि तो या कामाला मिळत नाही म्हणून पाटा. पण चव आहे हे खरं. मिक्सर कापतो, वरवंटा चेचतो, खोबऱ्याचं तेल पाट्यावरच सुटायला लागतं. लसणाचे दोन गड्डे, आलं, कोथिंबीर काड्यांसकट, कांदे, खोबरं, थोडी खसखस. माझी वीस मिनिटांत कंबर गेली. धाकटीच्या नवऱ्याला बसवलं, त्याची दहा मिनिटांत गेली. आबा एकटे करायचे हे सगळं, ओठात विडी धरून.

पुढचं सगळं त्या एकाच भगोन्यात. शेंगदाण्याचं तेल सढळ हातानं, बारीक कांदा, मग हळद-मीठ चोळून ठेवलेलं मटण. आधी पाणी टाकायचंच नाही. मटण स्वतःचं पाणी सोडतं. वर झाकण म्हणून ताट, आणि त्या ताटात पाणी ओतून ठेवायचं. बऱ्याच जणांना वाटतं हे उगाच करतात. उगाच नाही, वरचं ताट त्या पाण्यामुळं फार तापत नाही, म्हणून आतली वाफ त्याला लागून परत खाली टपकते, मटण बुडाला लागत नाही, आणि वरचं पाणी आपोआप गरम होत राहतं, तेच नंतर आत ओतायचं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि मटण आखडतं, असं आबा म्हणायचे. आखडतं का नाही ते देव जाणे, पण उकळी मोडते हे नक्की आणि चुलीवर ती परत आणायला घाम निघतो.

अर्धं शिजल्यावर ताटातलं थोडं पाणी टाकून लहान पोरांसाठी दोन वाट्या अळणी काढलं. ते प्यायला पोरं भगोन्याभोवती कोंबडीच्या पिल्लांसारखी गोळा झालेली. बाकीचं पाणी आटून तेल दिसायला लागलं तेव्हा वाटण, नंदुरबारची लाल मिरची, काळा मसाला. इथे घाई करणाऱ्याचा रस्सा कच्चा लागतो. वाटण मटणासोबत परतत राहायचं, पळी बुडापर्यंत घालून, हात दुखेपर्यंत, डोळ्यात धूर जाऊन पाणी येईपर्यंत, आणि कधीतरी मध्येच वास बदलतो. कांदा-लसणाचा वेगवेगळा वास संपतो आणि एकच वास उरतो. मला तो कळला नाही. मी परततच होतो.

"आते पानी टाक. ऊन पानी."

टाकलं. ताटातलं सगळं आणि बाजूला तापवलेलं अजून तांब्या-दोन तांबे. पऱ्हाटी ओढून घेतली, बाभळीचे दोन ओंडके सरकवले आणि मग पाऊण तास काहीच करायचं नव्हतं. गल्लीतले दोन जण चक्कर मारून गेले, सहज आलो होतो म्हणाले. आमच्या गल्लीत मटणाच्या वेळेला सगळे सहजच येतात.

आत बहिणी भाकरी थापत होत्या, कळण्याची. आमच्याकडं चार वाट्या ज्वारीला वाटीभर उडीद आणि दळतानाच मीठ. पुण्याच्या मित्राला एकदा खाऊ घातली तर म्हणाला भाकरी नुसतीच खाल्ली तरी चालेल, म्हणजे त्याला समजली. भाकऱ्या उंबऱ्याच्या आतून बाहेर देत होत्या, ताट बाहेरून आत जात नव्हतं.

साडेसातला तर्री वर आली. लाल-काळी, जाडसर, चुलीच्या उजेडात चमकणारी. मी खूश. आणि माय म्हणाली, मीठ कमी आहे.

आता बाकी सगळं ठीक आहे, खोबरं जळाल्याचा वास येतो, वाटण शिजल्याचा येतो, पण मिठाला वास असतो का? जिजाजी हसले. मी पळीत घेऊन फुंकून चाखलं. कमी होतं. बऱ्यापैकी कमी होतं.

म्हणलं माय, तुला कसं कळलं? तर तिचं उत्तर असं की, "तुना हात दखा मी. आबानी मूठ मोठी व्हती, तुनी ल्हानी शे."

आबा मटणाला मीठ मुठीनं घालायचे, दोन मुठी. मी पण दोन मुठीच घातल्या होत्या, तेवढंच पाठ होतं मला. पण इतकी वर्षं तिथं बसून ती मूठच मोजत होती हे मला माहीत नव्हतं. यावर कोणी काही बोललं नाही. अक्कानं पदर तोंडाला लावला आणि धूर फार झालाय म्हणाली. मी अर्धी मूठ अजून टाकली.

जेवायला आम्ही अकरा जण, अंगणात सतरंजीवर. भाकरी कुस्करायची, वर रस्सा ओतायचा, भिजू द्यायची, लिंबू पिळायचं, कांदा हातानं फोडायचा. चमच्यानं खाणारा एकच होता, सुरतेचा भाचा, त्यालाही तिसऱ्या घासाला चमचा सोडावा लागला. नळ्या पोरांना, हा आबांचा नियम, आणि नळी ताटावर ठोकायचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला पाहिजे हा पोरांचा नियम. मोठ्या जावयांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि चौथीला नाही म्हणता म्हणता अर्धी घेतली. आबांच्यासारखा झाला का? नाही. तिखट थोडं पुढं होतं, आणि सीन्याचे काही तुकडे अजून दहा मिनिटं मागत होते. पण भाकरी संपल्या आणि बहिणींना परत पीठ मळायला बसावं लागलं, त्यामुळं मी फार खोलात जात नाही.

माय ओट्यावरच होती, तिच्या ताटात कालची पोळी आणि आमरस. मध्येच विचारलं, सगळ्यात लहान्याला नळी मिळाली का. मिळाली म्हणलं. बरं.

भगोनं घासायचं काम शेवटी माझ्याकडं आलं. राखेनं घास, साबण लावू नको, असं ती वरून सांगतच होती. तळाशी थोडं वाटण धरलं होतं, खरवडून काढलं, विसळलं, पालथं घातलं. गोठ्यात टांगायला निघालो तर तिनं थांबवलं, कंदिलासारखा मोबाइलचा टॉर्च धरायला लावला आणि लांबूनच, हात न लावता, भगोन्याच्या कडेकडं बघितलं.

"ठिपका पुसाई गया," म्हणाली. "उद्या अमळनेरले जाशी त रंग लई ये."