सर्व्हे नंबर घेऊन भांडायचं

राजपत्राच्या एका पानाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, तेव्हा त्यावर चर्चा अशी काही झालीच नाही. चतुर्थी तोंडावर होती, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान महत्त्वाचं होतं. पानावर एक तक्ता होता. गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, सध्याचा झोन ऑर्चर्ड (बागायत), मागितलेला झोन सेटलमेंट (वस्ती). गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला आमचाच, पण जागा कुठली ते कोणाला कळेना. आम्ही 'वयलं भाट' म्हणतो तीच ती, हे मला लँड रेकॉर्ड्सच्या संकेतस्थळावर एक-चौदाचा उतारा (जमिनीचा मालक, कूळ दाखवणारा कागद) काढल्यावर समजलं. लाखभर चौरस मीटरचा डोंगरउतार. खाली काजू, वर जंगल, पायथ्याला झर आणि झरीवर चालणारी आमची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगतो. 'प्रादेशिक आराखडा २०११' (म्हणजे २०११पर्यंतचा) लोकांनी आंदोलन करून २००७मध्ये सरकारला मागे घ्यायला लावला. त्यानंतर प्रादेशिक आराखडा २०२१ आला. त्यात भातशेती, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन), खाजगी वनं हे सगळं इको-१ या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गटात गेलं आणि काजू-माडांची भाटं, म्हणजे बागायती, इको-२ मध्ये. आराखडा परिपूर्ण नाही, पण गाव कुठे वाढेल आणि कुठे नाही याची एक रेघ तरी त्यात आहे. ही रेघ तुकड्यातुकड्याने हलवता येते. आधी नगर नियोजन कायद्याचं कलम १७(२) होतं, आराखड्यातल्या 'चुका' दुरुस्त करण्यासाठी. त्याचे नियम आणि मार्गदर्शक सूचना उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५मध्ये रद्द ठरवल्या. त्याच कायद्याचं कलम ३९-अ मात्र वेगळं. कोणीही आपल्या जागेचा झोन बदलून मागायचा, नगर नियोजन खात्याने राजपत्रात सूचना काढायची, लोकांना हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यायचे आणि मग नगर नियोजन मंडळाने ठरवायचं. माझ्या हातात जे होतं ते एवढंच, ते ३० दिवस. त्यातले बरेचसे दिवस फोटो फिरण्यातच गेले होते.

हरकतीचा पहिला मसुदा गावातल्या एका उत्साही तरुणाने लिहून आणला. निसर्गमातेचा आक्रोश, पुढच्या पिढ्या, हिरवा शालू. वाचायला छान होता. त्यात सर्व्हे नंबर कुठेच नव्हता. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सर्व्हेअरनी तो वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे कुठल्याही गावाला लागू पडतं ना? मग ते तुमच्या जागेला लागू पडत नाही." त्यांच्याकडून त्या आठवड्यात मी जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण उपयोगी पडलं ते हेच.

सुरुवात चढाने. २५ टक्क्यांहून जास्त उतारावर बांधकाम नको, हे आराखड्याचंच तत्त्व आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा दर २० मीटरला असतात. २५ टक्के चढ म्हणजे ८० मीटर आडवं गेल्यावर २० मीटर वर, आणि ८० मीटर त्या नकाशावर १.६ मिलीमीटर होतात. म्हणजे दोन रेषा दीड मिलीमीटरपेक्षा जवळ असतील, तर उतार मर्यादेबाहेर. आमच्या वयल्या भाटाच्या वरच्या अर्ध्यात त्या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या. पण नकाशावरून नुसतं म्हणून भागत नाही. म्हणून एका गवंड्याची पाण्याची लेव्हल-नळी घेऊन आम्ही चढलो. चार मीटर आडव्या अंतरात मीटरहून जास्त उतरण मिळाली की तिथे फोटो, मोबाईलवर अक्षांश-रेखांश, वहीत नोंद. पावसात ते काम म्हणजे जळवा आणि घसरणं. तरी वरच्या बाजूला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आकडा मर्यादेच्या पुढेच आला.

दुसरी बाजू जंगलाची. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशानंतर गोव्यात खाजगी वन ठरवण्याचे तीन निकष आले. ७५ टक्के झाडं वनवृक्षांची, झाडांचं छत्र ०.४ पेक्षा, म्हणजे ४० टक्के जमीन झाकण्यापेक्षा, विरळ नसावं आणि जागा सरकारी जंगलाला लागून, नाहीतर सुटी असली तर किमान ५ हेक्टर. काजूवरून वाद होऊ शकला असता, म्हणून काजूचा पट्टा आम्ही सोडूनच दिला आणि वरच्या भागातला माट्टी, किंदळ, जांबा, नाणा मोजला. झाडं ओळखायला जुनं माणूस लागतं. आमच्याकडे सोमा काका होते. वय झालेलं, पण खोडावर हात ठेवला की नाव सांगत. ही जागा खाजगी वन आहे असं ठरवणं आमच्या हातात नव्हतं. झोन बदलण्याआधी वन खात्याकडून पाहणी करून घ्या, एवढीच आमची मागणी.

मग गणित. पंचायत क्षेत्रातल्या सेटलमेंटला ६० किंवा ८० एफएआर मिळतो, म्हणजे जागेच्या क्षेत्राच्या तेवढे टक्के बांधकाम करता येतं. कमीत कमी ६० धरला तरी लाख चौरस मीटरवर साठ हजार चौरस मीटर बांधकाम. शंभर चौरस मीटरचा एक फ्लॅट म्हटलं तर सहाशे. आमच्या वाड्यावर घरं शंभरही नाहीत, आणि वर जाणारा रस्ता दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीला पाठीमागे न्यावी लागते असा. हरकतीतला हा परिच्छेद मी दोनच ओळींत संपवला, विशेषणं लावावीच लागली नाहीत. त्याखाली जोडलं की झोन बदलला म्हणजे पुढचा अर्ज कलम १७-अ खाली डोंगरकापणीच्या परवानगीचा येणार, आणि झर त्याच डोंगराच्या पोटातून येते.

ग्रामसभेत मात्र सगळं असं सरळ गेलं नाही. ठराव मांडला तेव्हा एक मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर असलेले) उठून म्हणाले, "भाऊ, माझं घर पण ऑर्चर्डमध्येच पडतंय. पोराला एक खोली वाढवायची तर मी पंचायतीच्या खेपा घालतो. आणि तुम्ही झोन बदलायला विरोध करताय?" सभा गप्प झाली. प्रश्न अगदी रास्त होता. मला विचाराल तर गोव्यातल्या या सगळ्या भांडणातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. एका कुटुंबाची खोली आणि सहाशे फ्लॅट, दोघांनाही 'झोन बदल' हाच शब्द लावला की गावातली माणसं आपोआप बिल्डरच्या बाजूला जाऊन बसतात. ठरावात मग एक कलम वाढवलं: गावच्या रहिवाशांच्या स्वतःच्या घरांच्या दुरुस्तीला, वाढीला ग्रामसभेचा विरोध नाही, विरोध या सर्व्हे नंबरमधल्या एवढ्या मोठ्या क्षेत्राच्या रूपांतराला आहे. तेव्हा कुठे हात वर झाले. माझा एक चुलतभाऊ शेवटपर्यंत हात खाली ठेवून बसला. प्रकल्प आला की कामं मिळतील असं त्याला वाटतं. अजूनही आम्ही एकत्र जेवतो, विषय काढत नाही.

ठराव झाला म्हणजे काम झालं, असं गावात सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत मिळेपर्यंत मुदत संपत आली होती. शेवटी मुख्य नगर नियोजकांच्या नावे दोन प्रकारच्या हरकती दिल्या. एक ग्रामसभेची, दुसरी ज्यांची कुळागरं झरीवर आहेत त्यांची प्रत्येकाची स्वतंत्र. सह्यांचं एक लांबलचक निवेदन देण्याऐवजी वेगवेगळ्या हरकती द्या, हा सल्लाही सर्व्हेअरांचाच. प्रत्येकाने आपलं नुकसान आपल्या शब्दांत, आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यासकट लिहायचं. सोमा काकांनी सांगितलेलं मी उतरवून घेतलं: मे महिन्यात किती दिवसांनी पाण्याची पाळी येते, पाट कुठून वळवतात, सुपारीच्या किती झाडांना पाणी पुरतं. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घेतला. शिक्का नसलेली हरकत पुढे कधी कोर्टात जायची वेळ आली तर दिलीच नव्हती अशी ठरू शकते.

निर्णय अजून आलेला नाही. दर गुरुवारी राजपत्र निघतं, ते मी वाचतो. आमचा नंबर अंतिम अधिसूचनेत आहे का ते आधी, मग तालुक्यातली इतर गावं. तसंच वाचताना शेजारच्या गावाचं नाव दिसलं, भातशेतीचा तुकडा. मी तिथल्या एका ओळखीच्या मुलीला फोटो पाठवला. तिने लगेच आमच्या हरकतीची प्रत मागितली. दिली, पण तारीख आणि सर्व्हे नंबर बदलून तशीच देऊ नकोस म्हटलं. त्यांची जागा सपाट, सखल. तिथे चढ मोजून काही हाती लागणार नाही. एक-चौदावर कुळाचं नाव आहे का ते आधी बघ. १९६४च्या कूळ कायद्याखाली जमीन कुळाला मिळाली असेल, तर १९९१चा जमीन वापर नियमन कायदा ती शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरू देत नाही. ती म्हणाली, आजोबा कूळ होते, कागद माळ्यावरच्या पेटीत असतील. रविवारी पेटी उतरवणार आहे.