तुम्ही विचारलंत म्हणून: चुन्याच्या टाकीतल्या पंख्याचे आरपीएम (मिनिटाला फेरे) का वाढवत नाही?

साखर कारखाना बघायला आलेले पाहुणे असोत की नवा शिकाऊ पोरगा, उसाच्या रसात घालायचा चुना पाण्यात ढवळतो त्या टाकीपाशी आले की प्रश्न ठरलेला: "खाली चुना बसतोय तर आरपीएम वाढवा की!" एकदाचं लिहूनच टाकतो.

वेग वाढला की पॉवर घनाने चढते. 20 टक्के जास्त वेग म्हणजे 1.2 चा घन, पावणेदोनपटीच्या आसपास. शिवाय ढवळण्यावर संशोधन करणाऱ्या झ्वीटरिंगने 1958 साली लावलेली कसोटी साधी आहे: कुठलाही कण तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकू नये. टाकी वरपर्यंत एकसारखी करा असं ती म्हणतच नाही.

हे सगळं मला त्या रात्रीही तोंडपाठ होतं.

हंगाम ऐन भरात. रिवाइंडिंगहून (तारा नव्याने गुंडाळून) आलेली पंख्याची मोटर रात्रपाळीत जोडली. पहाटे, आंबटपणा मारणारा चुना कमी पडून, रसाचा पीएच घसरायला लागला. रस आंबट राहिला की साखर रसातच फुटते, ती पोत्यात येत नाही. लॅबचे फोनवर फोन. टाकीत डोकावलो, वर छान खळबळ दिसत होती. मग केलं काय? व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर, 50 चे 58 हर्ट्झ केले. मोटर ट्रिप, बोजा न सोसून आपोआप बंद. तेवढ्या वेळात उरलासुरला चुनाही खाली बसला, पंखा त्यात रुतला. पुन्हा चालू केली तर कपलिंगची, म्हणजे मोटर आणि पंखा जोडणाऱ्या भागाची, खिट्टी तुटली.

टाकी रिकामी केली. तळाला घट्ट पांढरा थर, फावडंही उसळत होतं. रबरी हातमोज्यात चुना शिरून आमच्या टाकीवरच्या कामगार मामांची बोटं सोलली होती. खरवडता खरवडता म्हणाले, "सायेब, म्या रात्रीच म्हणलो व्हतो, पंखा उलटा फिरायलाय."

म्हणाले होते. मी म्हणालो होतो, "फिरतोय ना? मग बास."

मोटर जोडताना दोन फेज, म्हणजे विजेच्या दोन तारा, अदलाबदल झाल्या होत्या. 45 अंशात वळलेली पाती पाणी खाली ढकलून तळ झाडतात. उलटी फिरली की तेच पाणी वर उपसतात. ती खळबळ त्याचीच.

घाईत कुणाचंही होतं असं. मोटरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण रात्री कोण बघतो? पण हेच एखाद्या इंजिनिअरने सांगितलं असतं तर मी वाकून बघितलं असतं, हेही खरं.

आणि आता गंमत. गेल्या हंगामात कळीचा चुना खडेल आला, तळ धरायला लागला. मी दोन हर्ट्झ वाढवले, चुना उठला. म्हणजे तुमचंही अगदीच चूक नाही. फक्त त्याआधी मामांना टाकीत डोकावायला लावलं.